चेनसॉचा काप एकाच बाजूला का वळतो?

वडोदऱ्यात पावसाळ्याआधी कडुलिंबाच्या फांद्या उतरवताना तुमचा काप सारखा उजवीकडे जातोय, तर आधी चेन बघा. हाताची चूक क्वचितच असते. एका बाजूचे दात जास्त घासले जाऊन आखूड होतात आणि काप लांब, धारदार दातांकडे ओढला जातो.

इंजिन बंद, हातमोजे घातलेले. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्याइतके करा. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचं निम्मं) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, कोन साधारण ३० अंश. कानस आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची.

तरीही वळतो? मग बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) काढून कडांवर काचेवर उभा करा. कलला तर कडा असमान झिजल्यात, चपट्या कानशीने सपाट करा. जोर लावून काप सरळ करू नका, बार तापून आणखी बिघडतो.