मोठ्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडल्या तर जास्त क्षीण संकेत पकडता येतात, की फक्त चित्र रेखीव होतं?

दोन्ही होतं, पण कारणं वेगळी. चित्रातला बारकावा दुर्बिणींमधल्या अंतरावर ठरतो. क्षीण संकेत पकडायला मात्र अंतर कामाचं नाही, तिथे क्षेत्रफळ लागतं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ही अनेक डिश जोडून केलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. मी तिथे पहिल्यांदा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो, तेव्हा डिशकडे पाहिलं तर तारांच्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं! रेडिओ लाटाच वीस सेंटिमीटरहून लांब, त्यांना ती बारीक भोकं जाणवतही नाहीत. या तीसही डिशचं क्षेत्रफळ मिळवलं तर साधारण २४६ मीटर व्यासाची एक डिश होते. हवी तिकडे वळवता येईल अशी एवढी मोठी डिश जगात कुठेच नाही.

पण खरी मेहनत बेरजेत आहे. दिंडीत तीस जणांचे टाळ एका ठेक्यावर पडले की कसा एकच नाद उठतो, तसं इथे करावं लागतं. आकाशातला संकेत सगळ्या डिशमध्ये एकच असतो, खरखर मात्र ज्याची त्याची. लाटांची फेज जुळवून, म्हणजे चढावर चढ आणि उतारावर उतार येईल असं करून, बेरीज केली तर संकेत खरखरीच्या तुलनेत एका डिशपेक्षा ३० पट ठळक होतो. फेज न जुळवता नुसती शक्ती मिळवली, तर जेमतेम साडेपाच पट, म्हणजे ३०चं वर्गमूळ.

युरोपातल्या 'लीप' प्रकल्पाने हेच देशोदेशीच्या दुर्बिणींवर केलं. जर्मनीतली १०० मीटरची एफेल्सबर्ग, इंग्लंडमधली ७६ मीटरची लव्हेल, इटलीतली ६४ मीटरची सार्डिनिया, शिवाय फ्रान्सची नान्से आणि नेदरलँड्सची वेस्टरबोर्क. पाचही दुर्बिणी महिन्यातून एकदा एकाच वेळी त्याच पल्सारांकडे (गरगर फिरत ठरावीक ठेक्याने रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांकडे) वळवायच्या, डेटा डिस्कवर साठवायचा आणि नंतर संगणकात जुळवायचा. मिळून जवळजवळ १९५ मीटरची डिश. लाट २१ सेंटिमीटरची, म्हणजे एक आवर्तन नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळाचं, आणि जुळणी त्याच्याही लहानशा अंशापर्यंत हवी. म्हणून आधी एखाद्या तेजस्वी स्रोताकडे पाहून प्रत्येक दुर्बिणीचा उशीर मोजतात, मग तोच पल्सारच्या डेटातून वजा करतात. मला हे काम फार सुंदर वाटतं.

खोडदला अंतरं कमी, पण लाटा लांब, त्यामुळे आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास मोठा. जुळवलेली फेज हळूहळू सरकत जाते, आणि लांबच्या डिश आधी सुटतात. म्हणून या पद्धतीत बहुतेकदा मध्यभागाच्या आणि जवळच्या डिशच वापरतात, आणि अधूनमधून फेज पुन्हा जुळवून घेतात.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फेज जुळवली की दुर्बिणीची नजर आकाशाच्या इवल्याशा ठिपक्यापुरती उरते. पल्सार कुठे आहे हे माहीत असेल तर उत्तमच. नवा शोधायचा असेल, तर ती साडेपाच पटवाली साधी बेरीजच बरी पडते, कारण तिच्यात एका डिशला दिसतं तेवढं सगळं आकाश एकदम पाहता येतं.