ठिगळाला रफू म्हणू नका

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे : "कपडे कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून आम्ही मैत्रिणी ते हाताने दुरुस्त करतो. फाटक्या जीन्सवर रंगीत कापड ठेवून कडेने टाके घालतो. याला 'रंगीत रफू' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. ते ठिगळ आहे. ठिगळ म्हणायची लाज वाटते म्हणून रफूला वेठीला धरू नका. पिको-फॉलच्या दुकानात उसवलेल्या शिवणीवर मशीनची टीप मारतात आणि 'रफू मारलं' म्हणून पैसे घेतात, ते ऐकून आधीच कान किटलेत. रफू 'मारत' नाहीत, करतात. ते विणकाम आहे. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे, भोकावर आधी उभे भरायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून नेत वीण पुन्हा जमवायची. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडता कामा नये. रंगीत रफू म्हणजे बोंब ठोकून केलेली चोरी.

शब्द फारसी, एवढं सांगून बहुतेक जाणकार हात झटकतात. अहो, फारसी हे वाटेतलं ठाणं! मूळ धातू अरबी, 'रफअ' : फाटलेलं सांधणे. (उचलणे या अर्थाचा 'रफअ' निराळा, त्याच्या शेवटी ऐन हे अरबी अक्षर, इथे हमजा हे दुसरं. देवनागरीत दोघे जुळे दिसतात आणि भलेभले फसतात.) याच धातूचा 'रिफा' म्हणजे एकोपा. जुने अरब नवरानवरीला 'बिर्रिफाइ वल्‌बनीन' असा आशीर्वाद देत : एकोप्याने नांदा, मुलगे होवोत. म्हणजे लग्नातही रफूच! जहाज किनाऱ्याला लागतं ते बंदर 'मरफा', तेही याच घरातलं. आणि दहाव्या शतकातला मोसुलचा कवी अस्‌-सरी 'अर्‌-रफ्फा' म्हणूनच ओळखला जातो. रफ्फा म्हणजे रफूगर. तरुणपणी त्याचा धंदाच तो.

आता 'रफूचक्कर'. यातलं 'रफू' निरर्थक, नुसता नाद, असं एका प्राध्यापकांनी मला ऐकवलं होतं. नाद कसला? चांगल्या रफूनंतर भोक जसं नाहीसं होतं, तसा माणूस नाहीसा झाला. माझं हेच मत आहे, आणि दुसरं पटण्यासारखं काही त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

बरं, अस्सल आपलाच शब्द हवा तर 'दंड' घ्या ना! लुगडं बसायच्या जागी विरलं की आपल्याकडच्या बायका तेवढा भाग कापून टाकत आणि उरलेले धड तुकडे शिवून पुन्हा नेसत. त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसून लग्नाला जायचं नसे, रानात चालायचं. उसाला पाणी नेणारा, कडेला बांध असलेला पाट, तोही दंडच. दोन्हींना नाव उंचवट्यावरून पडलं असावं, असा माझा तर्क : शिवणीवरून अंगठा फिरवा, बांध लागतो. दंडाच्या पुढे गेलेलं धडुतं मग वाकळेत जायचं.

जीन्सचं राहिलंच. पाटीवर 'रंगीत ठिगळं' लिहा. 'रफू' लिहिलंत आणि एखादी बाई कसर लागलेला शालू घेऊन आली, तर त्यावर फुलाफुलांचं कापड लावणार आहात का?