चंदीगडच्या खुर्च्या, लातूरचा सुतार

प्रश्न: मी लातूरला शिक्षिका आहे. जुन्या खुर्च्या जमवायचा नाद आहे. दोन महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या फर्निचरवाल्याकडून डायनिंग टेबलासाठी सहा सागवानी, वेताच्या खुर्च्या १ लाख ८० हजारांना घेतल्या. ‘चंदीगडच्या ओरिजिनल, १९५५च्या आसपासच्या’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलंय; बिलावर फक्त ‘जुन्या खुर्च्या, ६ नग’. एकीचा वेत बदलताना सुतार म्हणाला, लाकूड वाड्याच्या तुळईचं, खुर्ची मात्र नवी. दुसरीच्या पाठीमागे रंगाने लिहिलेली सरकारी अक्षरं नि नंबर आहे. नकली निघाल्या तर पैसे बुडाले. अस्सल निघाल्या तर चोरीचा माल तर नसेल? मागच्या वर्षी मी चार खुर्च्या पुण्याच्या ओळखीच्यांना विकल्या होत्या.

उत्तर: ताई, खुर्च्या अस्सल की नकली हे ठरवायच्या मागे आधी लागू नका. ‘चंदीगडच्या’ म्हणतात त्या खुर्च्यांचे आराखडे करणारे वास्तुविशारद पिएर जाँनरे १९५१ साली चंदीगडला आले ते १९६५ पर्यंत राहिले. कचेऱ्या, कॉलेजं, वसतिगृहांसाठी हजारोंनी खुर्च्या लागल्या आणि त्या वेगवेगळ्या सुतारांकडून करून घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन अस्सल खुर्च्यांतही फरक निघतो. पुढे त्या मोडीत निघाल्या, लिलावात भंगाराच्या भावात गेल्या, परदेशात लाखांनी विकल्या जाऊ लागल्या. मग नकला आल्याच. तुमच्या सुताराची नजर मला पटते, पण त्याच्याकडून नेमकं लिहून घ्या: तुळईच्या खिळ्यांची बुजवलेली भोकं कुठे, सांधे कसे. नुसत्या नव्या स्क्रूवर जाऊ नका, दुरुस्तीत ते बदलतातच.

मालविक्री कायदा, १९३०, कलम १५ सांगतं की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. वर्णन बिलावरच हवं असं नाही, व्हॉट्सॲपवरचंही चालतं. तो संवाद पुसू नका, फोनही बदलू नका. ग्राहक आयोगापुढे तो दाखवताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल. रोख दिलेल्या रकमेची पावती नसेल तर ‘पैसे मिळाले’ असा त्याचा एखादा मेसेज शोधा.

दावा लातूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे संभाजीनगरच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आता त्या चार खुर्च्या. पत्रात तुम्ही हे सहज शेवटी टाकलंय, पण समोरचा वकील सुरुवातच तिथून करेल. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. लपवू नका. या सहा घरच्या टेबलासाठीच घेतल्या, हे दाखवणारे फोटो, टेबलाचं बिल, घेण्यापूर्वीचे मेसेज काढून ठेवा. आणि निकाल लागेपर्यंत एकही खुर्ची विकू नका.

सरकारी नंबराला घाबरायचं कारण नाही. लिलावात रीतसर गेलेल्या खुर्च्यांवरही तो असतो, नकली खुर्चीवर तो रंगवताही येतो. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, लागायला माल चोरीचा आहे हे माहीत असावं लागतं किंवा तसं वाटायला कारण असावं लागतं. मात्र आता नंबर दिसलाय. तो खरवडलात, त्यावर पॉलिश मारलंत, तर तेच तुमच्या अंगाशी येईल. खुर्च्या चोरीच्या निघाल्या तर परत द्याव्या लागतील, पण विकायचा हक्क नसताना विकल्याबद्दल दुकानदाराकडून पैसे मागता येतील. त्यासाठी मालविक्री कायद्याचं कलम १४ आहे.

म्हणून तक्रारीआधी दुकानदाराला नोटीस पाठवा आणि तिच्यात पहिली मागणी एकच करा: या खुर्च्या चंदीगडच्या कोणत्या लिलावातून आल्या, त्याचे कागद १५ दिवसांत द्या, नाहीतर पैसे परत करा. कागद दिले तर तुमची चोरीची काळजी बहुतेक मिटली. नाही दिले, तर ‘ओरिजिनल’ कशावरून म्हटलं, हे आयोगापुढे त्यालाच सांगावं लागेल. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा.

तोवर त्या खुर्च्यांवर जेवायला बसू नका. माल स्वीकारून वापरत राहिलात तर तो परत करण्याचा हक्क दुबळा होतो आणि मालविक्री कायद्याखाली नुसती नुकसानभरपाई हाती उरते. सहाही एका खोलीत ठेवा, तारखेसह फोटो काढा. सुताराला सांगा, उरलेल्या पाचांचा वेत आहे तसाच राहू दे.