घडी बसते तेव्हा

एका वाचक ताईंनी विचारलंय : चादरी, अभ्रे, पलंगपोस यांना इस्त्री करून कपाटात थप्पी रचली की जे समाधान वाटतं, त्याला मराठीत शब्द आहे का? आणि ‘इस्त्री’चा ‘स्त्री’शी काही संबंध आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : संबंध नाही. ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं तसं ‘स्त्री’ला पुढे ‘इ’ लागून हा शब्द झाला, असं पुष्कळांना वाटतं. पण सर्वसाधारणपणे तो पोर्तुगीज ‘एस्तिरार’ या क्रियापदावरून आला असं मानतात. त्याचा अर्थ ताणणे, आणि त्याच्या आरंभी स्वर आधीपासूनच आहे. चावी, फीत, बिजागरी हे शब्दही त्याच भाषेतून आपल्या घरात आले. ‘अभ्रा’ही बाहेरचाच. त्याचा आभाळातल्या अभ्राशी संबंध नाही; फारसीत ‘अब्रा’ म्हणजे दुहेरी कपड्याचा बाहेरचा पदर, आणि आतला तो अस्तर.

आता समाधानाकडे वळू. इस्त्रीचं नाव परकं असलं, तरी तिच्यातून जे साधतं त्याचं नाव अस्सल मराठी आहे : घडी. परटाकडून आलेल्या कपड्याची ती परीटघडी. ‘परीटघडीचं धोतर’ म्हटलं की खळ, कडकपणा, धारेसारखी कड, सगळं एका शब्दात डोळ्यांपुढे येतं. नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे ‘घडी मोडणं’. ‘या साडीची घडी तूच मोड’ असं बहिणीला किंवा नणंदेला सांगण्यात केवढी माया असते!

मला स्वतःला सगळ्यांत प्रिय आहे तो ‘घडी बसणे’ हा प्रयोग. घडी आपण ‘करतो’, पण ती ‘बसते’ मात्र आपली आपण. सुती कापड किंचित दमट असताना गरम इस्त्री फिरवली की पाणी आणि उष्णता मिळून धाग्यांतले बंध सैल करतात, आणि सुकताना कापड नव्या आकारात पक्कं होतं. ‘बसणे’ हे क्रियापद तिथे इतकं चपखल आहे! हात बसतो, जम बसतो, सूर बसतो, तशीच घडी बसते. आपण कष्ट केले आणि मग ती गोष्ट स्वतःहून जागेवर आली, हा भाव या सगळ्या प्रयोगांत आहे. तुम्हाला वाटणारं समाधान नेमकं हेच असावं. पाणी शिंपडायचं, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, तळहाताने एकदा दाबायचं, आणि अभ्रा हातात सपाट, ऊबदार होऊन येतो. संसाराची ‘घडी बसली’ आणि ‘घडी विस्कटली’ हेही याच कापडाच्या घडीवरून आलं, असं मला मनापासून वाटतं.

घरात इस्त्री नव्हती तेव्हाही हे सुख होतंच. पितळी तांब्यात निखारे घालून तो कपड्यावरून फिरवायचे, नाहीतर शाळेचा सदरा नीट दुमडून रात्रभर गादीखाली ठेवायचे.

तेव्हा ताई, वेगळा शब्द घडवायची गरज मला वाटत नाही. आमच्याकडे थप्पीवरून हात फिरवत म्हणतात, ‘आज काय सुरेख घडी बसलीय!’ तुम्हीही तेच लिहा.