माळ घातली, पण तिसऱ्या रात्री…

प्रश्न : वडील ५२ वर्षांचे. वीस वर्षं रोज देशी प्यायचे. पालखी लोणंदला आली तेव्हा माळ घातली आणि दारू त्याच दिवशी बंद केली. दुसऱ्या दिवशी फिट आली, आम्हाला वाटलं उन्हाने. तिसऱ्या रात्री अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकायला लागले, वारलेल्या आजोबांशी बोलायला लागले. गावात म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, मग दवाखाना. आता बरे आहेत. माळ घातली हे चुकलं का? (खंडाळा तालुका)

उत्तर : माळ अजिबात चुकली नाही. आपल्या भागात माळेने सुटलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. चुकलं ते एवढंच की तिच्या जोडीला डॉक्टर नव्हता.

दारू मेंदूला गुंगवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू जागं राहण्यासाठी उलट बाजूने जोर लावत राहतो. रस्सीखेचीत समोरच्याने दोर एकदम सोडला की आपण मागे आपटतो, तसंच दारू अचानक थांबली की होतं. पहिल्या दिवसातच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. साधारण ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वडील वाचले, पण देवऋषाकडे गेलेले ते तास फार महागात पडले असते.

उपचार साधे आहेत. डॉक्टर काही दिवस झोपेच्या गटातल्या गोळ्या देऊन त्या रोज कमी करत आणतात. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा : पिणारा माणूस गळून गेला की आपण म्हणतो, 'एक ग्लुकोजची सलाईन लावा.' बी-१ न देता नुसतं ग्लुकोज दिलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून किती वर्षं आणि रोज किती पितात, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. अब्रूपायी लपवू नका.

प्रश्न : मालक रोज क्वार्टर घेतात, द्राक्षाच्या पैशाचा हिशेब लागत नाही. ओळखीच्या बाईने चहात मिसळायच्या गोळ्या दिल्यात. देऊ का? (तासगाव)

उत्तर : नको ताई. त्या गोळ्या आजच बाजूला ठेवा. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिरम असतं. ते घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. जो माणूस समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीत घेतो, त्याच्यासाठीच हे औषध आहे.

तुम्ही काय करायचं? बारवाल्याची उधारी तुम्ही फेडू नका. 'त्यांना ताप आलाय' असं भावकीत खोटं सांगू नका. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या सल्ल्याला या. बायको आधी आणि नवरा सहा महिन्यांनी, असं पुष्कळदा होतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. आणि हात उचलत असतील तर ११२ किंवा १८१. आजारी आहे म्हणून मार सोसायचा नसतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुमच्यासाठीच आहे.

प्रश्न : मी फक्त बिअर पितो, रोज दोन स्ट्राँग. लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे. (सांगली)

उत्तर : ६५० मिलीची आठ टक्क्यांची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज पेग. दोन बाटल्यांत व्हिस्कीच्या क्वार्टरपेक्षा (१८० मिली) जास्त दारू पोटात जाते. यकृत बराच बिघाड होईपर्यंत बोलत नाही, रक्ताचा रिपोर्टही नाही. चरबी साठली असेल तोवर दारू थांबवून ते सुधारतं, सिरोसिसनंतर पहिल्यासारखं होत नाही. थांबा, मात्र रोजची सवय असल्याने वरचं पहिलं उत्तर वाचून, डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : आमच्या बचतगटाला गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचंय. बाटली आडवी कशी करायची? (खटाव तालुका)

उत्तर : तुमच्यासारख्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. मेख इथे आहे : आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या चिन्हाला, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसती झालेल्या मतदानातली बहुमताची बेरीज पुरत नाही. म्हणजे मुंबईला मुलाकडे गेलेली म्हातारी आणि खुरपणीला गेलेली सून, दोघींचं न झालेलं मत दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखं होतं. त्यांना आणायची सोय आधी करा.

आणि दुकान बंद व्हायच्या आधी गावात रोज पिणारे कोण आहेत त्यांची यादी आशाताईंकडे द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून ठेवा. दारू अचानक थांबली की काय होतं ते पहिल्या उत्तरात आहे, म्हणून पहिले चार दिवस त्या घरांकडे रात्री एक चक्कर मारा.