जुन्या लेन्कोचा मूळ टोनआर्म ठेवावा की बदलावा?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या लेन्को एल ७५ या टर्नटेबलचा (रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राचा) मूळ टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, काढून तेथे एसएमई ३००९ हा आर्म बसवावा, रेगा आरबी ३०० बसवावा, की आहे तोच आर्म सुधारून घ्यावा. आपल्याकडे डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आवाज उचलणारा भाग, असल्याचेही आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते निर्णयाचे मूळ तेथेच आहे. मी सांगलीत राहतो आणि गेली बरीच वर्षे याच यंत्रावर रेकॉर्ड ऐकतो.

प्रथम मूळ आर्मविषयी. लेन्कोच्या आर्मची वर-खाली होणारी हालचाल सुरीच्या पात्यासारख्या धारेवर तोललेली असते आणि ती धार रबराच्या दोन लहान व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांमध्ये, बसते. अर्ध्या शतकात हे रबर कडक होऊन भुगा होते, धार खाली खचते आणि आर्म एका बाजूस कलतो. माझ्याकडे नाट्यपदातील वरच्या पट्टीची तान आली की उजव्या बाजूचा आवाज फाटत असे. दोष सुईचा समजून मी दोन सुया बदलल्या. पुढे आर्म उघडला तेव्हा ब्लॉकच्या जागी काळी पूड निघाली. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रशाळेतून मी आधी पितळेचे आणि नंतर डेलरिन या टणक प्लास्टिकचे ब्लॉक करून घेतले; माझ्या कानाला डेलरिनचे अधिक शांत वाटले. हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवण्याचे आर्मचे टोक, दोन बोटांत धरून अगदी हलकेच वळवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर नवा आर्म शोधण्यापूर्वी हे काम करावे, कारण त्यासाठी यंत्राचा एकही भाग कापावा लागत नाही.

आता तुलना. कार्ट्रिजच्या सुईची दांडी स्प्रिंगसारखी लवते. त्या लवचीकतेला कम्प्लायन्स म्हणतात. आर्मचे परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारा आर्मचा भार), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे वजन ग्रॅममध्ये एकत्र करावे, त्या बेरजेला कम्प्लायन्सने गुणावे आणि गुणाकाराच्या वर्गमूळाने १५९ या संख्येला भागावे, म्हणजे त्या जोडीची नैसर्गिक कंपनसंख्या हर्ट्झमध्ये मिळते. ती ८ ते १२ हर्ट्झ असावी. त्याहून खाली गेल्यास वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि घरातील पावलांचे धक्के आर्मला नाचवतात, तर फार वर गेल्यास ती संगीतातील सर्वांत खालच्या स्वरांच्या जवळ सरकते.

डीएल-१०३ चे वजन ८.५ ग्रॅम आणि कम्प्लायन्स ५ दिलेले असते. परंतु हा जपानी आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला असल्याने १० हर्ट्झसाठी तो दीड ते दोन पटीने, म्हणजे सुमारे ९ धरावा लागतो. एसएमई ३००९ च्या ‘इम्प्रूव्हड’ आवृत्तीत, स्थिर हेडशेलच्या प्रकारात, परिणामी वस्तुमान अवघे ६.५ ग्रॅम आहे. स्क्रूंसाठी एक ग्रॅम धरल्यास उत्तर १३ हर्ट्झच्या वर जाते. रेगाच्या सुमारे ११ ग्रॅममुळे तेच जवळपास १२ वर येते. एसएमईचा तो आर्म वाईट नाही. १९७० च्या दशकात शुअर व्ही १५ सारख्या अतिशय लवचीक आणि सव्वा ग्रॅमहून कमी भारावर चालणाऱ्या कार्ट्रिजसाठी तो घडवला गेला आणि त्या जोडीत तो आजही सुरेख चालतो. आपली जोडी मात्र निराळी आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, मूळ आर्म दुरुस्त करून डीएल-१०३ त्यावरच आधी ऐकावे. तरीही बदल करावासा वाटला तर रेगा घ्यावा. १९८३ साली आलेला हा आर्म अॅल्युमिनियमच्या एकाच ओतीव नळीचा असल्याने त्यात सैल होण्यासारखे हेडशेल नाही. मात्र त्याची उंची खांबावर कमी-जास्त करता येत नाही. खाली चकत्या घालाव्या लागतात, आणि लेन्कोचा वरचा पत्रा कापावा लागू शकतो. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही, हे वडिलांच्या यंत्राबाबत विसरू नये. रेगाचाच स्वस्त आरबी २५० मिळाल्यास त्याचा प्लास्टिकचा मागचा दांडा धातूचा करणे आणि भार खालच्या बाजूस असलेले काउंटरवेट (मागचे तोलाचे वजन) लावणे या दोन सुधारणांचा फरक ऐकू येतो. आर्ममधील वायर बदलण्याची घाई करू नये. जुनी वायर तुटलेली नसेल तर तो खर्च मी शेवटी ठेवतो.

एसएमई घ्यायचाच झाला तर विकत घेण्यापूर्वी मागचा वजनाचा भाग बाजूने पाहावा. तेथील रबर सैल झाले असेल तर तो खाली लोंबलेला दिसतो. एसएमईचा आर्मही धारेवरच तोललेला असतो; त्या जुन्या धारेच्या जागी कांस्याची धार मिळते, पण ती बसवताना आर्म पूर्ण उघडावा लागतो, त्यामुळे ते काम अनुभवी हातांकडेच द्यावे.