डायलअपवर पानं लवकर उघडायचीत? आधी वायर बघा, मग ब्राउझर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डायलअपचा, म्हणजे फोनच्या लाइनवरून डायल करून नेट आणणारा, मोडेम ५६केचा (सेकंदाला ५६००० बिटचा) आहे पण कनेक्ट होताना ३१.२ (म्हणजे ३१२०० बिट) दाखवतो, बातम्यांचं एक पान यायला आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि कुणीतरी सांगितलंय की अमुक अ‍ॅक्सिलरेटर टाका, पाचपट स्पीड मिळेल. अ‍ॅक्सिलरेटरचं नंतर बघू, कारण खरी गोम त्या ३१.२ मध्येच आहे.

५६के म्हणजे मोडेमचं १९९८ सालचं व्ही.९० हे स्टँडर्ड. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, त्यातल्या प्रत्येक नमुन्यामागे ७ बिट कामाचे, म्हणून ५६०००. प्रत्यक्षात एवढा कुणालाच मिळत नाही, ४४-४८ मिळाला तरी लाइन उत्तम समजायची. आता गंमत बघा, व्ही.९० चे आकडे साधारण १३३३ च्या पटीत चढतात, ४४०००, ४५३३३, ४६६६७ असे. त्याच्या आधीचं व्ही.३४ मात्र २४०० च्या पटीत चालतं, २६४००, २८८००, ३१२००, ३३६००. म्हणजे तुमचा मोडेम ५६के मध्ये शिरलेलाच नाहीये, प्रयत्न करून जुन्या पद्धतीवर परत येतोय. (कुणाला ११५२०० दिसत असेल तर खूश होऊ नका, तो मोडेम आणि कॉम्प्युटरमधला पोर्टचा स्पीड आहे, लाइनचा नाही.)

माझंही असंच झालं होतं, २८.८ च्या वर जाईचना. महिनाभर ड्रायव्हर बदलले, मोडेमच्या कमांड टाकून बघितल्या, आणि शेवटी कारण काय तर आतल्या खोलीतला पॅरलल फोन (त्याच लाइनवर जोडलेला दुसरा) आणि भिंतीकडेनं फिरवलेली लांबलचक चपटी वायर. दोन्ही काढलं, ४४ वर गेला. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

तर तुम्ही एकच करा. बाहेरून लाइन घरात जिथे येते तिथे मोडेम नेऊन छोट्या वायरनं थेट जोडा, बाकीचे सगळे फोन, स्प्लिटर, फॅक्स काढून ठेवा आणि डायल करा. आकडा चढला तर दोष घरातल्या वायरिंगचा. नाही चढला तर एकतर बाहेरच्या लाइनवर खरखर आहे किंवा तुमच्या आणि एक्स्चेंजच्या मध्ये कुठेतरी आवाजाचं डिजिटल रूपांतर जास्तीचं एकदा होतंय, तारांच्या एकाच जोडीवर दोन लाइन चालवल्या असल्या की असं होतं, आणि त्यावर घरबसल्या इलाज नाही, लाइन बदलून मागायला लागते. अजून एक, लाइनवर आवाज असेल तर मोडेम मध्येच थांबून पुन्हा जुळवाजुळव करतो, त्यात काही सेकंद सगळं ठप्प. अशा वेळी कमाल स्पीड मुद्दाम थोडा खाली बांधला तर पानं उलट लवकर येतात. कॉल वेटिंग असेल तर बंद करा, त्या बीपनं कनेक्शन तुटतं.

आता हिशोब. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३१.२ ला सेकंदाला ३.९ केबी, ४४ ला साडेपाच. दोन एमबीचं पान असेल तर पहिल्यात जवळपास नऊ मिनिटं, दुसऱ्यात सहा. तीन मिनिटं वाचली, पण सहा मिनिटं थांबून बातमी कोण वाचणार? त्या दोन एमबीत बातमीचा मजकूर फार तर वीस केबी असतो हो, बाकी फोटो, जाहिराती, फॉन्ट आणि स्क्रिप्टचा लवाजमा. तो येऊच द्यायचा नाही.

फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. त्यात ठरावीक केबीपेक्षा मोठे फोटो-व्हिडिओ अडवायची सोय आहे, बाहेरचे फॉन्ट अडवायची आहे, आणि जावास्क्रिप्ट (पानातल्या त्या स्क्रिप्ट) सरसकट बंद ठेवून हव्या त्या साइटपुरतं चालू करता येतं. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक जावास्क्रिप्ट बंद केल्यावर पडतो. काही साइट कोऱ्या दिसतील, दिसू द्या. यूब्लॉकच्या काय अडवायचं त्याच्या याद्या आपोआप अपडेट होतात तेवढं बंद करून रात्री हातानं करा. नुसतं वाचायचंच असेल तर लिंक्स नावाचा मजकुरी ब्राउझर एकदा वापरून बघा, सवय व्हायला दोन दिवस लागतात.

आणि चोर शोधा! सिस्टिमचे अपडेट, अँटीव्हायरस, क्लाउडवर फोटो चढवणारं काहीतरी, हे मागे चालू असेल तर वरचं सगळं पाण्यात. रोज कॅशे, म्हणजे आधी उतरवलेल्या पानांचा साठा, साफ करणारं एखादं क्लीनर असेल तर तेही काढा, कालच आणलेला लोगो आज परत कशाला आणायचा?

अ‍ॅक्सिलरेटरचं सांगायचं राहिलं. ते काय करायचे, तर मधल्या सर्व्हरवर फोटोंचा दर्जा पाडून ते लहान करायचे आणि मजकूर दाबून पाठवायचे. साध्या एचटीटीपीच्या काळात फरक पडायचा. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड आहे, कुलूपबंद पाकीट मधल्या माणसाला उघडताच येत नाही तर तो दाबणार काय. मोडेमच्या स्वतःच्या कॉम्प्रेशनचंही तेच, जेपेग, झिप, एन्क्रिप्टेड डेटा यावर ते चालत नाही. पैसे घालवू नका. फोनवरचा ऑपेरा मिनी ब्राउझर वेगळा आहे, तो पान त्यांच्या सर्व्हरवर तयार करून दाबून पाठवतो, खरंच हलकं येतं, पण म्हणजे मजकूर त्यांच्या हातून जातो, त्यामुळे बँकेचं काम तिथे नको.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ५७६ बाइट करा हा सल्लाही मिळेल. ४४ च्या लाइनवर १५०० बाइटचं पॅकेट यायला पाव सेकंदाच्या वर लागतो, त्यामुळे चॅटला छोटी पॅकेट बरी, पण पानं वाचायला नाही, दर पॅकेटमागे ४० बाइटचा पत्ता-बित्ता असतोच, पॅकेट लहान केली की तेच जास्त वेळा पाठवायला लागतं. आहे तसं राहू द्या. विंडोज २० टक्के स्पीड राखून ठेवतं ही तर निव्वळ अफवा.

बाकी सवयीचा भाग. एक पान वाचताना पुढची दोन-तीन टॅबमध्ये मागे उघडत ठेवा, दहा नको, सगळीच अडकतात. मेल ब्राउझरमध्ये न उघडता मेल प्रोग्रॅमनं उतरवून घ्या, मोठ्या फाइली तुटल्या तिथून पुढे घेणाऱ्या डाउनलोडरनं रात्री.

आधी ते मोडेम हलवून डायल करा आणि आकडा इथे टाका, सोबत मोडेम आतला कार्डवाला आहे की बाहेरचा डबा तेही लिहा. ४० च्या वर गेला तर वायरिंगचं बोलू, ३१.२ लाच अडला तर फोनवर कुठलंही एक बटण दाबून डायलटोन घालवा आणि त्या शांततेत खरखर ऐकू येते का तेवढं सांगा.